जुन्या स्कॉट्स साहित्यातला ‘लोभ’ कसा वाचावा : नवख्या वाचकांसाठी मार्गदर्शक

जुन्या स्कॉट्स साहित्यात लोभाची कल्पना शोधायला निघालेल्या वाचकाची पहिली फजिती शब्दकोशाच्या दारातच होते. इंग्रजीतला ‘कव्हेटसनेस’ हा शब्द मनात धरून तो शोध घेऊ लागतो आणि हाती फारसे काही लागत नाही. कारण ही कल्पना ज्या शब्दाभोवती फिरते तो शब्द तिथे ‘कुव्हटीस’ असा आहे, आणि तोही दर दोन पानांनी निराळ्या अक्षरांनी लिहिलेला. इंग्रजी बऱ्यापैकी वाचता येते, पण जुन्या स्कॉट्सशी ओळख नाही, अशा मराठी वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून पुढील पायऱ्या मांडल्या आहेत. त्यांचा क्रम शक्यतो मोडू नये, कारण तिसऱ्या पायरीवर शिकलेली सवय पुढे प्रत्येक ठिकाणी लागते.

पहिली पायरी : भाषा आणि काळ नक्की करणे

स्कॉट्स म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली गेलिक नव्हे. गेलिक ही आयरिशची बहीण. स्कॉट्स ही इंग्रजीची बहीण, दक्षिण आणि पूर्वेकडच्या सखल प्रदेशात, राजदरबारात, न्यायालयांत आणि व्यापारी शहरांत वाढलेली. ‘जुनी स्कॉट्स’ म्हटले की अभ्यासक साधारणपणे १७०० पर्यंतची भाषा धरतात, आणि सलग साहित्यकृतीच्या रूपात ती पहिल्यांदा ठसठशीत दिसते ती जॉन बार्बरच्या १३७५ च्या ‘ब्रूस’ या दीर्घकाव्यात. तिचे लेखक बराच काळ तिला ‘इंग्लिस’च म्हणत असत, गॅव्हिन डग्लसने १५१३ मध्ये लॅटिन कवी व्हर्जिलच्या ‘एनीड’ या महाकाव्याचा अनुवाद पुरा करताना मात्र आपली भाषा ‘स्कॉटिस’ असल्याचे आवर्जून सांगितले. एवढी सीमारेषा मनात असली की पुरे. पुढच्या काळातला कवी रॉबर्ट बर्न्स कितीही आवडता असला, तरी या कामापुरता तो बाजूला ठेवावा.

दुसरी पायरी : अक्षरांचा खेळ ओळखणे

या काळात लेखनाचे एकच एक प्रमाण नव्हते. ‘कुव्हटीस’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ लॅटिनमधल्या इच्छावाचक धातूत आहे. पण स्कॉटलंडमधल्या लेखनिकांनी त्यात रोमन ‘सी’नंतर कधी ‘ओ’ घातला, कधी ‘यू’. मधल्या ‘व्ही’च्या जागी कधी ‘यू’, कधी ‘डब्ल्यू’. आणि शेवटी ‘आयसीई’, ‘वायसीई’, ‘वायएस’ यांपैकी जे हाताला येईल ते. ही तीनही अक्षरे, म्हणजे ‘यू’, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’, एकमेकांच्या जागी सर्रास बसतात, तशीच ‘आय’ आणि ‘वाय’ही. जिथे आजच्या इंग्रजीत ‘डब्ल्यूएच’ येते तिथे ‘क्यूयूएच’ दिसेल. अनेकवचनाला आणि षष्ठीला ‘इस’ लागेल, भूतकाळाला ‘इट’ लागेल. या चार-पाच गोष्टी एका कागदावर लिहून समोर ठेवाव्यात, आणि कोणतीही अनोळखी ओळ आधी मोठ्याने वाचून पाहावी. डोळ्याला परका वाटणारा निम्मा मजकूर कानाला ओळखीचा वाटतो, हा अनुभव पहिल्याच बैठकीत येईल.

तिसरी पायरी : शब्दकोशातली नोंद वाचायला शिकणे

जुन्या स्कॉट्सचा मोठा ऐतिहासिक शब्दकोश बारा खंडांचा आहे. त्याचे प्रकाशन विल्यम क्रेगी यांच्या संपादनाखाली १९३१ मध्ये सुरू झाले आणि २००२ मध्ये संपले. १७०० नंतरच्या भाषेसाठी दहा खंडांचा निराळा राष्ट्रीय कोश आहे. हे दोन्ही कोश २००४ पासून ‘डिक्शनरी ऑफ द स्कॉट्स लँग्वेज’ या नावाने इंटरनेटवर एकत्र आणि विनामूल्य उपलब्ध आहेत, त्यामुळे पुण्यात किंवा पणजीत बसूनही हे काम पुरेपूर करता येते.

नोंद उघडल्यावर नवखा वाचक अर्थ वाचतो आणि कोश मिटतो. तसे करू नये. अर्थ दोन शब्दांत सांगितलेला असतो आणि तो आपल्याला आधीच माहीत असतो. खरा ऐवज त्याखालच्या अवतरणांत आहे. प्रत्येक अवतरणासाठी वहीत तीन गोष्टी टिपाव्यात : हा दोष कोणाला चिकटवला आहे, त्याच्या शेजारी कोणते शब्द उभे आहेत, आणि त्याच्या विरुद्ध कोणता शब्द ठेवला आहे. या तीन रकान्यांची वही हीच या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना आहे, कारण ‘कुव्हटीस’ हा शब्द एकटा वाचला तर तो कोणत्याही प्रवचनातला वाटतो. त्याची सोबत पाहिली की तो विशिष्ट देशातल्या, विशिष्ट माणसांच्या अंगावर बसलेला दिसतो.

आणखी एक भेद इथेच पक्का करावा. लोभाची कल्पना या साहित्यात दोन वाटांनी येते. एक वाट मोशेच्या दहा आज्ञांची : शेजाऱ्याचे घर, बायको, बैल यांची अभिलाषा धरू नको. तिथे दोष दुसऱ्याच्या वस्तूवर नजर ठेवण्याचा आहे. दुसरी वाट मध्ययुगातल्या सात महापातकांची : तिथे दोष संपत्ती साठवण्याचा, व्याजाने वाढवण्याचा आणि हातून न सोडण्याचा आहे, मग ती आपलीच का असेना. स्कॉट्समध्ये या दोन्हींसाठी पुष्कळदा एकच शब्द वापरला जातो. समोरच्या ओळीत कोणती वाट चालू आहे, हा प्रश्न दर वेळी विचारावा लागतो.

चौथी पायरी : डनबारचे एक कडवे, शब्द न् शब्द

सुरुवात विल्यम डनबारच्या सात महापातकांच्या नृत्यावरील कवितेपासून करावी. चौथ्या जेम्स राजाच्या दरबारातला हा कवी फेब्रुवारीच्या पंधराव्या रात्री पडलेले स्वप्न सांगतो : उपवासाचा मोठा काळ सुरू होण्याआधीच्या सणासाठी सैतान नरकात नाच भरवतो आणि पापे एकामागून एक रिंगणात उतरतात. गर्व, क्रोध आणि मत्सर यांच्या पाठोपाठ चौथा येतो तो कुव्हटीस. ‘रूट ऑफ ऑल ईव्हिल अँड ग्रुंड ऑफ व्हाइस’, म्हणजे सर्व अनर्थांचे मूळ आणि दुर्गुणांचा पाया, अशी त्याची ओळख करून दिली आहे. ही ओळ कवीची स्वतःची नाही. बायबलमधल्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातले वचन त्याने उचलले आहे. म्हणून इथे थांबून वाहवा करण्याची गरज नाही. पुढच्या ओळींत मात्र तो स्वतः बोलू लागतो.

कुव्हटीसच्या मागे कोण चालले आहे ते पाहावे. ‘व्रेचिस’ आहेत : आजच्या इंग्रजीवरून हा शब्द ‘बिचारे, दीनवाणे’ असा वाटतो, पण जुन्या स्कॉट्समध्ये त्याचा एक रूढ अर्थ कवडीचुंबक असा आहे. ‘ऑकरारिस’ आहेत : ‘ऑकर’ म्हणजे व्याज, तेव्हा हे व्याजखाऊ. ‘हडपाइक्स’ म्हणजे पुन्हा चिकटच, ‘हर्डारिस’ म्हणजे साठेबाज, ‘गॅडरारिस’ म्हणजे गोळा करत सुटणारे. पाच-सहा शब्दांत एका धंद्याची अख्खी आळी उभी राहते. आता शिक्षा. ही माणसे आपल्या घशांतून एकमेकांच्या अंगावर वितळलेले तप्त सोने ओकतात, प्रत्येकी गाडीभर, विजेच्या लोळासारखे. आणि ओकून पोट रिकामे झाले रे झाले की भुते त्यांना पुन्हा गळ्यापर्यंत भरतात, ‘गोल्ड ऑफ ऑलकिन प्रेंट’ने, म्हणजे तऱ्हेतऱ्हेच्या छापाच्या सोन्याने.

या शेवटच्या शब्दाशी जरा रेंगाळावे. ‘प्रेंट’ म्हणजे टांकसाळीतला नाण्यावरचा ठसा. स्कॉटलंडच्या बाजारात तेव्हा देशी नाण्यांबरोबर परदेशी सोन्याची नाणीही फिरत आणि त्यांचे दर संसदेला ठरवून द्यावे लागत. नरकातल्या भुतांनाही हे ठाऊक आहे, हा डनबारचा खट्याळपणा आहे. नवख्याने हे कडवे पाठ करावे असे मी म्हणेन. कोशातल्या दहा नोंदींचे काम ते एकटे करते. रोचेस्टर विद्यापीठाच्या मध्ययुगीन ग्रंथमालेत डनबार आणि हेन्रिसन या दोघांचीही टीपांसह संपादने इंटरनेटवर मोफत आहेत. पहिल्या वाचनासाठी तीच घ्यावीत.

पाचवी पायरी : हेन्रिसनची विहीर

रॉबर्ट हेन्रिसन हा डनबारच्या आधीच्या पिढीचा, डनफर्मलिनचा शाळामास्तर म्हणून ओळखला जाणारा कवी. त्याच्या प्राणिकथांपैकी कोल्हा, लांडगा आणि शेतकरी यांची कथा या विषयाच्या अभ्यासकाने सोडून चालणारच नाही.

नांगराला जुंपलेले नवे, न वठणीवर आलेले बैल तास मोडतात, तेव्हा शेतकरी वैतागून म्हणतो की तुम्हा सगळ्यांना लांडगा नेवो. झुडपाआड बसलेला लांडगा ते ऐकतो आणि संध्याकाळी वाट अडवून बैलांवर हक्क सांगतो. साक्षीदार कोण, तर कोल्हा. पंच कोण, तर तोच. कोल्हा शेतकऱ्याला बाजूला घेऊन चांगल्या पोसलेल्या कोंबड्यांची लाच ठरवतो आणि लांडग्याला सांगतो की बैलांचा नाद सोड, त्याबद्दल तुला एक ‘कॅबॉक’ मिळेल. कॅबॉक म्हणजे चीजचा मोठा गोल गड्डा. आजच्या स्कॉट्समध्येही हा शब्द ‘केबक’ या रूपात टिकून आहे. रात्री दोघे एका रहाटाच्या विहिरीपाशी येतात. पाण्यात चंद्राचे बिंब पडलेले असते आणि कोल्हा म्हणतो, ते बघ चीज, सलगमासारखे पांढरे आणि शिक्क्याच्या मोहरेसारखे गोल. आधी कोल्हा एका पोहऱ्यात बसून खाली उतरतो, गड्डा जड आहे अशी बतावणी करतो आणि लांडग्याला दुसऱ्या पोहऱ्यात बसायला लावतो. लांडगा वजनाने खाली, कोल्हा वर. अर्ध्या वाटेवर दोघांची भेट होते तेव्हा कोल्हा सांगतो की नशिबाची रीतच अशी, एक वर आला की ते दुसऱ्याला खाली फिरवते.

आता अभ्यासकाचे काम. कथेच्या शेवटी हेन्रिसन अर्थ फोडून सांगतो : हा कॅबॉक म्हणजे कुव्हटीस, जो ‘अनेकांच्या डोळ्यांत रुंद फुलतो’. ‘डोळ्यांत भरणे’ हा आपला वाक्प्रचार इथे जवळपास बसतो, पण फुलण्याची क्रिया त्यात येत नाही, आणि ती महत्त्वाची आहे, कारण बिंब मुळात काहीच नाही. त्याला आकार देतो तो पाहणाऱ्याचा डोळा. पुढची ओळ तेच म्हणते, की हे सगळे ‘फ्रॉड अँड फँटसी’ आहे. इतके वाचून झाल्यावर मागे जाऊन रात्रीचे वर्णन पुन्हा काढावे. त्या रात्री चंद्र कसा होता? ‘पेनीफुल’, म्हणजे पेनीच्या नाण्यासारखा पूर्ण गोल. कवीने नाणे आधीच आकाशात टांगून ठेवले होते, तात्पर्य सांगण्याच्या कितीतरी आधी. हेन्रिसनची तात्पर्ये रुक्ष असतात अशी तक्रार पुष्कळ वाचक करतात. तात्पर्य वाचून कथेकडे परत फिरण्याचे कष्ट न घेतल्याचा तो परिणाम असावा, असे मला वाटते.

याच संग्रहातली कोल्हा, लांडगा आणि मासेविक्या यांची कथा नंतर वाचावी. तीत लांडगा ‘नेकहेरिंग’ नावाच्या माशाच्या आशेने मेल्याचे सोंग घेऊन रस्त्यात पडतो आणि दांड्याचा सपाटून मार खातो. ‘नेकहेरिंग’ हा शब्द मानेवर बसणाऱ्या तडाख्यावरचा श्लेष आहे.

सहावी पायरी : उलट बाजूचा शब्द शोधणे

डनबारची कुव्हटीसवरच एक स्वतंत्र कविता आहे, जिच्या प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘आणि सारे कुव्हटीसपायी’ हे पालुपद येते. तिचा पहिलाच शब्द ‘फ्रीडोम’ आहे. मी ही कविता पहिल्यांदा वाचली तेव्हा त्याचा अर्थ स्वातंत्र्य असा घेतला आणि संपूर्ण कडवे राजकीय समजून वहीची दोन पाने भरली. ती पुढे खोडावी लागली. ‘फ्रीडोम’ या शब्दाला जुन्या स्कॉट्समध्ये दोन अर्थ आहेत : बार्बरच्या ‘ब्रूस’मधल्या प्रसिद्ध ओळीत तो स्वातंत्र्य या अर्थाने येतो, पण डनबारच्या या कवितेत त्याचा अर्थ औदार्य, मोकळा हात असा आहे. दरबारात आता औदार्य, मान आणि खानदानी वागणूक हेच दुर्गुण मानले जातात, अशी त्याची तक्रार आहे. म्हणजे लोभाच्या विरुद्ध इथे संन्यास नाही, दातृत्व आहे. हे लक्षात आले की पुढची चित्रे उलगडतात : ज्या शेतकऱ्यांकडे मोठी कोठारे, गुरे आणि विकून-खाऊन उरेल इतके धान्य होते त्यांच्याकडे आता मांजरे आणि उंदीर यांखेरीज जनावर उरलेले नाही, आणि तांबडे-तपकिरी कपडे घालणारे गावोगावचे प्रतिष्ठित लोक उवा पडलेल्या चिंध्यांत फिरत आहेत.

दुसऱ्या एका कवितेत डनबार ‘जो समाधानी त्याच्यापाशी पुरेसे आहे’ असे पालुपद धरतो. तिथे उलट बाजूला ‘अन्यूख’, म्हणजे ‘पुरेसे’, हा शब्द येतो. दातृत्व आणि समाधान हे निराळे विरुद्धार्थ आहेत आणि त्यांमुळे लोभाचा अर्थही थोडा सरकतो. जाता जाता हेही नोंदवावे, की हाच कवी राजाकडे चर्चमधल्या उत्पन्नाच्या जागेसाठी काव्यातून सतत अर्ज करत होता. त्याचे निवृत्तिवेतन १५०० मध्ये दहा पौंड होते, १५०७ मध्ये वीस झाले आणि १५१० मध्ये ऐंशी. समाधानाची कविता वाचताना हे आकडे शेजारी ठेवायला हरकत नाही.

सातवी पायरी : शब्द नाही, पण गोष्ट आहे, अशी ठिकाणे

सर डेव्हिड लिंडसेचे तीन वर्गांवरील उपरोधनाट्य ७ जून १५५२ रोजी फाइफमधल्या कूपर गावी आणि १२ ऑगस्ट १५५४ रोजी एडिंबरोत उघड्यावर सादर झाले. त्याच्या उत्तरार्धात धर्माधिकारी, सरदार आणि व्यापारी हे तीनही वर्ग मंचावर पाठमोरे चालत येतात, प्रत्येकाला त्याचे दुर्गुण धरून आणत आहेत; धर्माधिकाऱ्यांना आणणाऱ्यांत कुव्हटीस आहे. हे झाले नाव घेऊन. पण त्याच नाटकातल्या गरीब माणसाची कैफियत अधिक बोचते, आणि तिला कुव्हटीस या शब्दाची गरजच पडत नाही. त्याच्याकडे एक करडी घोडी आणि तीन गाई होत्या. बाप मेला, तेव्हा जमीनदाराने मृत कुळाकडून घ्यायची वहिवाट म्हणून घोडी नेली आणि व्हिकरने, म्हणजे गावच्या धर्मगुरूने, सर्वांत चांगली गाय नेली. आई मेली, दुसरी गाय गेली. बायको मेग दुःखाने मेली, तिसरी गाय गेली. आणि मृतांचे अंगावरचे जाडेभरडे करडे कपडे व्हिकरच्या कारकुनाने उचलले. एकाच स्वरात हा माणूस तीन मृत्यू आणि तीन गाई मोजतो. वहीत या उताऱ्यासाठी जागा ठेवावी आणि शब्दाची जागा मोकळी सोडावी.

बार्बरच्या काव्यातही असे ठिकाण आहे. चौदाव्या खंडाच्या आरंभी राजाचा भाऊ एडवर्ड ब्रूस याच्याविषयी कवी म्हणतो की तो बिबट्याहून धीट होता, शांत बसण्याची त्याला इच्छा नव्हती आणि आपल्याला व भावाला मिळून स्कॉटलंड अपुरे आहे असे त्याला वाटले. म्हणून त्याने आयर्लंडचा राजा होण्याचे ठरवले. १३१५ मध्ये तो तिकडे गेला आणि १३१८ मध्ये फॉगर्टच्या लढाईत मारला गेला. राज्य अपुरे वाटणे, हा लोभ आहे की पराक्रम, याचा निर्णय बार्बर ‘बिबट्या’ या एका उपमेत अर्धवट लटकता ठेवतो. इथे घाईने ‘लोभ’ असे लिहून मोकळे होऊ नये.

आठवी पायरी : आज्ञांचा क्रमांक तपासणे

ही पायरी छोटी आहे, पण ती चुकवल्याने गोंधळ होतो. कॅथलिक परंपरेत अभिलाषेची मनाई नवव्या आणि दहाव्या अशा दोन आज्ञांत विभागलेली आहे. सुधारणावादी, म्हणजे कॅल्विनच्या वाटेने गेलेल्या प्रॉटेस्टंट, परंपरेत ती एकटी दहावी आज्ञा आहे. स्कॉटलंडच्या संसदेने ऑगस्ट १५६० मध्ये पोपची सत्ता नाकारली. त्यामुळे आर्चबिशप हॅमिल्टनच्या नावाने १५५२ मध्ये सेंट अँड्र्यूज येथे छापलेली स्कॉट्स प्रश्नोत्तरी, म्हणजे धर्मशिक्षणाचे पुस्तक, आणि त्यानंतरच्या पिढ्यांनी घोकलेली १६४७ ची संक्षिप्त प्रश्नोत्तरी यांतले क्रमांक एकमेकांशी जुळणार नाहीत. दुसरी प्रश्नोत्तरी तर इंग्रजीत आहे. सुधारणेनंतर स्कॉटलंडला स्वतःच्या भाषेत छापलेले बायबल मिळालेच नाही. १५७९ मध्ये तिथे पहिल्यांदा छापलेले बायबलही इंग्रजी जिनिव्हा भाषांतरच होते. सतराव्या शतकातल्या मजकुरांत ‘कुव्हटीस’ची इंग्रजी वळणाची रूपे वाढलेली दिसली, तर या पार्श्वभूमीची आठवण ठेवावी.

कायद्याची भाषा पाहायची असेल तर १७०७ पर्यंतच्या स्कॉटिश संसदेचे दप्तर सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने इंटरनेटवर शोधता येईल अशा रूपात ठेवले आहे. तिथे ‘ऑकर’ शोधावे. १५८७ मध्ये संसदेने वर्षाला शेकडा दहा ही व्याजाची मर्यादा घालून दिली. डनबारच्या नरकात सोने ओकणारा ऑकरार शंभर वर्षांच्या आत दराच्या चौकटीत आला, हा बदल कवितेतून कळत नाही, दप्तरातून कळतो.

नववी पायरी : मराठीत काय लिहायचे

वहीत मराठी प्रतिशब्द लिहिताना ‘लोभ’ हाच शब्द सगळीकडे टाकण्याचा मोह होतो. षड्रिपूंच्या यादीत काम, क्रोध यांच्यामागोमाग येणारा लोभ सात पापांच्या यादीतल्या कुव्हटीसला शोभतो, हे खरे. पण आपल्या पत्रांच्या शेवटी ‘लोभ असावा’ असे लिहिण्याची रीत आहे, तिथे लोभ म्हणजे माया. ‘लोभस’ तर कौतुकाचा शब्द आहे. ‘कुव्हटीस’मध्ये ही ऊब नाही. विहिरीतल्या चीजसाठी मी ‘हाव’ वापरतो, साठवणाऱ्यांसाठी ‘हव्यास’, आणि आज्ञेतल्या क्रियापदासाठी ‘अभिलाषा’. ‘ऑकरार’ला सावकार म्हणणे टाळतो, कारण मराठीत सावकार हा धंद्याचा आणि कधीकधी मानाचाही शब्द आहे, ‘व्याजखाऊ’ म्हटले की शिवी शिवीच्या जागी राहते. ‘व्रेच’ला कवडीचुंबक ठीक आहे.

या पायऱ्या चढून झाल्यावर स्वतःची परीक्षा घ्यायची असेल, तर डग्लसच्या अनुवादातला तिसरा खंड काढावा. सोन्यासाठी थ्रेसच्या राजाने ट्रॉयचा राजपुत्र पॉलिडोरस याचा खून केला, ती हकीकत तिथे आहे, आणि व्हर्जिलने त्या जागी सोन्याच्या शापित भुकेला उद्देशून एक प्रसिद्ध उद्गार काढला आहे. लॅटिन ओळ आणि तिचे कोणतेही मराठी किंवा इंग्रजी भाषांतर शेजारी ठेवावे, आधी स्वतःचा अंदाज लिहावा की डग्लस इथे भूक म्हणेल, हाव म्हणेल की ‘कुव्हटीस’ म्हणेल, आणि मगच त्याचे पान उघडावे.